एकास वीस

कोपऱ्यातला आकडा इतका बारीक होता की कपाळावर चढवलेला चष्मा डोळ्यांवर घेतल्याशिवाय तो तिला लागेना, आणि लागला तेव्हा वाटलं, चष्मा कपाळावरच राहिला असता तर बरं झालं असतं. प्रमाण, एकास वीस: कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे बांधकामातले वीस. जेवणाच्या टेबलावर भाचीनं पसरलेला कागद ए थ्रीचा, त्यावर एका वाचनालयाच्या जिन्याचा उभा छेद, रेघा स्वच्छ, सावल्या नेमक्या, पोरीचा हात चांगला आहे हे कुणीही सांगेल... पण छेद मुळात ए वनसाठी काढलेला, निम्म्यानं आटवून इथे बसवलेला, म्हणजे आता तो एकास चाळीस झाला, आणि कोपऱ्यात मात्र अजून वीसच. तिनं त्या आकड्यावर बोट ठेवलं — झुरळावर वाटी पालथी घालावी तसं.

"आत्या, आडवा ए थ्रीच बरा ना?" भाची स्वयंपाकघरातून विचारत होती. परवा तिची पहिली मुलाखत; कॉलेजची पाच वर्षं एका पोर्टफोलिओत कोंबायची होती, आणि आत्या आर्किटेक्ट असताना दुसऱ्या कुणाला विचारायचं? "ए टू घेतला तर बसमध्ये मांडीवर मावत नाही. ए फोर घेतला तर पायऱ्या मुंग्यांच्या रांगेसारख्या दिसतात."

"ए थ्री ठीक आहे," ती म्हणाली. "हे प्रमाण तेवढं खोड."

"का?"

"खोटं आहे."

भाची चहाचे कप घेऊन आली आणि हसली. "अगं, छापताना लहान झालंय नुसतं. त्यावर पट्टी लावून घर कोण बांधणार आहे?"

"कुणी लावली तर?"

"आत्याबाईला मिशा असत्या तर!"

तीही हसली, जरा उशिरानं. चहा गरम होता, तो तिनं तसाच घशाखाली लोटला. कुणी लावली तर... लावली होती. बरोबर लावली होती.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला सरांनी एक भलामोठा कागद सगळ्यांसमोर दुमडून दाखवला होता. हा ए झिरो, एक चौरस मीटर; मधोमध दुमडा, ए वन; पुन्हा दुमडा, ए टू; कितीही दुमडा, लांबीरुंदीचा मेळ तोच, बापाचा चेहरा पोराला आणि पोराचा नातवाला. केवढी सोय, सर म्हणाले होते. सोय खरीच. पण लहान कागद हातात धरला की तो लहान केलेला आहे हे त्याच्या चेहऱ्यावर कुठेच उमटत नाही, रेघा तशाच, कोपरे तसेच, आणि कोपऱ्यातला आकडा निरागसपणे आपला जुनाच पाढा म्हणत बसलेला...

तेव्हा ती तीस वर्षांची होती. स्वतःचं ऑफिस उघडून वर्ष झालेलं: दोन खुर्च्या, एक कॉम्प्युटर, ए थ्रीच्या पुढे न जाणारा प्रिंटर. काम होतं घड्याळजींचं. बाजाराच्या कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणारे शांत गृहस्थ; माणसाशी बोलतानाही डोळ्याचं भिंग काढायचं विसरायचे. त्यांच्या घरावर एक मजला आणि वर गच्ची. मोठा प्रिंट काढायला शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागे, आणि मिस्त्री दारात उभा: "मॅडम, गच्चीचा कागद द्या, माणसं बसून आहेत." कॉम्प्युटरनं विचारलं, कागदात बसवू का? तिनं हो म्हटलं. बसलं. बाकी सगळी मापं आकड्यांत लिहिलेली होती. कठड्याची उंची तेवढी लिहायची राहून गेली होती.

चार दिवसांनी मिस्त्रीचा फोन आला. "मॅडम, कठडा बुटका वाटतोय हो. गुडघ्याच्या वर चार बोटं, बस." समोर दुसरं गिऱ्हाईक बसलेलं, दुसरा फोन वाजत होता, आणि ती म्हणाली — या जन्मात ते वाक्य परत घेता येणार नाही — ती म्हणाली, "मिस्त्री, कागदावर आहे तेवढंच बांधा. डोकं चालवू नका."

डोकं चालवू नका. सव्वीस वर्षं ते वाक्य तिच्याच आवाजात, त्याच घाईच्या आवाजात, केव्हाही येतं. दात घासताना, लिफ्टची वाट बघताना, कुणाच्या वाढदिवसाला टाळ्या वाजवताना. कुणाच्याही गच्चीत पाऊल टाकलं की आधी तिचा हात कठड्यावर जातो. कठडा कमरेच्या वर लागला की मगच ती यजमानांना बरी आहे म्हणून सांगते. ऑफिसातली मंडळी मागे हसतात, मॅडम कठड्याला नमस्कार करतात म्हणून. तिच्या प्रत्येक नकाशावर प्रत्येक उंची दोनदा लिहिलेली असते, आणि प्रमाणाशेजारी ते कोणत्या कागदावर खरं, तेही. मिलिमीटर मॅडम म्हणतात तिला. कौतुकानं म्हणतात...

"आत्या, चल ना, दुकान बंद होईल दुपारचं."

छपाईचं दुकान गल्लीच्या तोंडाशी. दुकानदार जुना ओळखीचा, गप्पिष्ट; त्यानं भाचीचा पेनड्राइव्ह लावला, पडद्यावर जिना आला, कागदाच्या चौकटीबाहेर दोन्हीकडून सांडलेला. "मोठा आहे. फिट करू का?" त्यानं सहज विचारलं.

"नको!"

आवाज एवढा चढला की पलीकडे बाइंडिंग करणारी बाई हातातली सुई तशीच धरून बघत राहिली. दुकानदार म्हणाला, "बरं बरं, मॅडम, माझं काही जात नाही," आणि भाचीनं तिच्या कोपराला धरून हलकेच बाजूला नेलं. "काय झालं तुला?" काही नाही. ऊन लागलं असेल. प्रमाणाच्या आकड्याऐवजी एक पट्टी काढ, ती म्हणाली, एक मीटर, दोन मीटर अशी खुणा केलेली. नकाशा आटला की तीही आटते, खोटं बोलत नाही. भाचीनं वहीत लिहून घेतलं, पण नजर वहीवर नव्हती.

घरी आल्यावर भाची बूट काढतच म्हणाली, "सकाळपासून बघतेय. तू मला घाबरवतेयस."

तेव्हा ती उठली. आतल्या खोलीत नकाशांचं कपाट, सपाट खणांचं. सगळ्यात खालचा खण पावसाळ्यात फुगतो, दोन्ही हातांनी ओढावा लागतो. ती तो वर्षातून एकदाच ओढायची, कागद जागेवर आहे एवढं बघायची आणि लावून टाकायची. का ठेवला होता? फाडायला हात धजला नाही म्हणून, आणि द्यायला त्याहून धजला नाही म्हणून... तिनं तो टेबलावर ठेवला. ए थ्री, पिवळा पडलेला, घडीवर सिमेंटचा राखाडी ठसा, अंगठ्याचा. "कठड्याची उंची मोज," ती म्हणाली.

भाचीनं प्रमाणाची तिकोनी पट्टी वीसच्या बाजूनं लावली. पुन्हा लावली. "पंचावन्न सेंटिमीटर? कठडा आहे की बाक?" मग तिची नजर कोपऱ्यात गेली, मग कागदाच्या कडांवर. हुशार पोर. "हा ए वनचा आहे," ती हळूच म्हणाली. "कुणी बांधला यावरून?"

"मिस्त्रीनं."

"म्हणजे त्यांनी बरोबरच मोजलं होतं."

एवढं साधं वाक्य. सव्वीस वर्षं ते तिनं मोठ्यानं ऐकलं नव्हतं. तिनं खुर्ची ओढली आणि सांगायला लागली, खालच्या आवाजात, जणू शेजारी ऐकतील. आधी मिस्त्रीचा फोन, त्याला दिलेलं उत्तर. घड्याळजींची बायको वाळत घातलेली चादर काढायला गच्चीत गेली; वाऱ्यानं चादर फुगली, ती ओढता ओढता मागे सरली, आणि कठडा पोटरीच्या वर नुसता टेकला. तोल गेला, खाली पडल्या. वाचल्या. पण कमरेखालचं शरीर परत त्यांचं झालं नाही. नऊ वर्षं खिडकीशी पडून. ती भेटायला जायची तेव्हा त्या म्हणायच्या, तू कशाला वाईट वाटून घेतेस, तुझा काय दोष. दर वेळी म्हणायच्या. मग तिनं जाणंच सोडलं.

"आणि चौकशी?"

नगरपालिकेच्या ऑफिसात, लांब टेबलाशी. तिनं ए वनचा मूळ प्रिंट उलगडला. इंजिनिअरनी पट्टी लावली, एक मीटर दहा, चोख. मिस्त्री म्हणाला, मला दिलेला कागद लहान होता, काम संपल्यावर मी तो मॅडमच्या ऑफिसात जमा केला. इंजिनिअरनी तिच्याकडे बघितलं. "आमच्याकडे तो नाही," ती म्हणाली. आणि तो इथे होता. याच खणात.

भाची कप विसळायला उठली, पुन्हा बसली. "तू तेव्हा एकटी होतीस, घाबरली असशील..." ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावरून कळलं की हे बोलणं तिचं तिलाच पटत नव्हतं. "मिस्त्रींचं काय झालं?"

"नाव खराब झालं. कुणी भिंत द्यायला तयार होईना. काही वर्षं एका गोदामावर रखवालदार होता म्हणे. मग गाव सोडलं."

"तू शोधलंस?"

"एकदा. गोदामापर्यंत गेले. फाटकावर दुसराच माणूस होता, तर सुटल्यासारखं वाटलं मला."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. भाचीनं अंगठ्याच्या ठशाला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं. "एक कळत नाही," ती म्हणाली. "त्यांनी तुला फोन केला होता ना? बुटका वाटतोय म्हणून? ते चौकशीत का नाही सांगितलं?"

ती उत्तर द्यायला तोंड उघडून बसली. उत्तर तयार होतं, कधीपासून तयार होतं: घाबरला असेल, त्याचं कोण ऐकणार होतं. पण ते जिभेवर येईना, कारण मधेच त्या लांब टेबलाशी इंजिनिअरचा आवाज आला, मिस्त्री, आणखी काही सांगायचंय का... आणि मिस्त्री तिच्याकडे वळला. तिनं तेव्हा मान खाली घातली होती. त्याचं ते बघणं म्हणजे आरोप आहे असं तिनं त्याच क्षणी ठरवून टाकलं, आणि पुढे कधी तपासलंच नाही. आता पहिल्यांदाच तिनं तो चेहरा नीट बघितला. भुवया जराशा वर, ओठ मिटलेले. साइटवर ती काही बोलायला लागली की तो असाच थांबायचा, हातातली थापी हवेत तशीच धरून. मॅडमचं वाक्य पुरं होऊ द्यावं, मधे बोलू नये, असा त्याचा रिवाज. तो थांबला होता. आता मॅडम सांगतील, म्हणून. फोनचं, कागदाचं, सगळं त्या स्वतःच सांगतील, आपण कशाला त्यांना उघडं पाडायचं... केवढा वेळ थांबला असेल? फाइल मिटेपर्यंत? जिना उतरेपर्यंत? गोदामाच्या फाटकावर?

"आत्या?"

आरोपापासून इतकी वर्षं तिला पळता आलं होतं; पाय सरावले होते. पण हे विश्वासानं थांबून राहणं... याच्यापासून कसं पळतात ते तिला ठाऊक नव्हतं. ती बसून राहिली, तोंड अजून अर्धवट उघडं, आणि मिस्त्री ज्याच्यासाठी थांबला होता ते वाक्य मोठ्यानं कुठून सुरू करायचं याचा अंदाज घेत राहिली.