घरी न वापरायचा आवाज

सासऱ्यांच्या हृदयाची झडप बदलायची ठरली तेव्हा डॉक्टरांनी एकच अट घातली. आधी रक्तदाब खाली आला पाहिजे. तो आल्याशिवाय हात लावणार नाही, आणि फार दिवस थांबणंही बरं नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगून टाकलं. गोळ्या लिहून दिल्या आणि उठता उठता म्हणाले, घरात शांतता ठेवा. बोलायला काय जातं हो? त्या घरात शांतता पाहिली होती कुणी?

सासरे बसच्या डेपोतले निवृत्त मेकॅनिक. जन्म इंजिनांच्या धडधडाटात गेलेला, त्यामुळे त्यांचं कुजबुजणंही तिसऱ्या घरात ऐकू जायचं. सासूबाई त्यांना पुरून उरणाऱ्या. मुलगा फरशा बसवायचा, दिवसभर कटरपुढे बसून यायचा आणि घरीही त्याच पट्टीत बोलायचा. सकाळी एक खडाजंगी झाल्याशिवाय या घरात चहा गाळला जात नसे. विषयही ठरलेला. सासरे अंघोळ करून आले की ओला टॉवेल पलंगावर फेकायचे.

यांच्यात शांत अशी एकटी सून. ती अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षात फोन घ्यायची. लोक तिथे रडत, ओरडत, शिव्या देत फोन करायचे आणि हिचा आवाज जागचा हलायचा नाही. तेव्हा आता सूत्रं तिनेच हातात घेतली. समोरचा जितका वर चढेल तितकं आपण खाली उतरायचं. एका वेळी एकच प्रश्न विचारायचा. घाई असली तरी ती आवाजात येऊ द्यायची नाही. तिने हे सगळ्यांना पढवलं. टीव्हीवरच्या बातम्या बंद झाल्या, मोबाइल मुके झाले, संध्याकाळी सगळ्यांनी गोल बसून सावकाश श्वास घ्यायचा असं ठरलं. भांडण अगदीच आवरेना तर गच्चीवर जाऊन यायचं. सासूबाई रोज गच्चीवर जात. तिथे एकट्या कुणाशी भांडत कोण जाणे, पण उतरताना चेहरा हलका असायचा. टॉवेल तर त्या मुकाट्याने उचलून वाळत घालू लागल्या.

आणि आकडा वर गेला. सून रोज सासऱ्यांच्या दंडाला पट्टा बांधायची आणि रोज आकडा कालच्यापेक्षा वर असायचा. डॉक्टरांनी गोळी वाढवली, हिने शांतता वाढवली. ती पायांत मोजे घालून चालू लागली. सासऱ्यांचं जेवण अर्ध्यावर आलं, बोलणं तर बंदच झालं. तिला आता भीती वाटू लागली होती, आणि भीती वाटली की तिचा आवाज आणखी खाली उतरायचा.

एका दुपारी ती कामावर जायच्या तयारीत होती. सासऱ्यांनी तिला हाक मारून समोर बसवलं.

"सूनबाई, खरं सांग. डॉक्टर काय म्हणाले?"

"तुमच्यासमोरच तर बोलले, बाबा. काळजीचं काही नाही."

"बघ. तोच आवाज."

"कुठला?"

"आगीचा," सासरे म्हणाले.

मग तिच्या लक्षात आलं. मागे एकदा फ्रिजमागची वायर जळून स्वयंपाकघराने पेट घेतला होता आणि सासूबाई आत अडकल्या होत्या. सासऱ्यांनी फोन लावला आणि तो नेमका हिनेच उचलला. पत्ता सांगा. आत कोण आहे? गाडी निघालीय, काळजीचं काही नाही. फोन ठेवू नका, मी लाइनवर आहे. स्वतःच्या घराचा पत्ता तिने परक्याचा लिहावा तसा लिहून घेतला होता. सासूबाई सुखरूप बाहेर आल्यावर सासऱ्यांनी विचारलं होतं, अगं, मला ओळखलं नाहीस? पहिल्या शब्दालाच ओळखलं, ती म्हणाली होती.

"तेव्हापासून तो आवाज मी विसरलेलो नाही," सासरे म्हणाले. "महिना झाला, तू माझ्याशी त्याच आवाजात बोलतेयस. तुझी सासू टॉवेल उचलते आणि चकार शब्द काढत नाही. मी काय दूधखुळा आहे? किती दिवस राहिलेत माझे?"

तिला रडू आलं. ते गिळून तिने समजावलं की तसं काही नाही, फक्त रक्तदाब उतरायचाय. पण हेही त्याच आवाजात निघालं. सासऱ्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

ती उठली. पलंगाच्या कडेला तिचा इस्त्री केलेला गणवेश ठेवलेला होता. त्यावर ओला टॉवेल पसरला होता, आणि गणवेशाच्या पाठीवर भलामोठा डाग उतरला होता.

"बाबा, तुम्हाला हजारदा सांगितलं," ती ओरडली. "पलंगावर टॉवेल टाकायचा नाही म्हणून. दोरी काय तुमच्या तोंडाकडे बघत बसायला बांधलीय? आता मी काय घालून जाऊ?"

तिला एवढं ओरडता येतं हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, तिलासुद्धा. सासूबाई हातातलं पातेलं घेऊनच धावत आल्या. आजारी माणसावर ओरडतेस, म्हणून त्या सुनेवर घसरल्या, आणि टॉवेल दिसताच महिन्याभराचं साठलेलं नवऱ्यावर काढलं. सासरे उठून बसले. टॉवेल ओला नव्हताच मुळी, दमट होता, असं ते तिसऱ्या घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. त्या रात्री ते पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवसापासून आकडा उतरायला लागला. श्वास घेणं तेवढं चालू ठेवलं, बाकीची शांतता मोडीत काढली. मोजे कपाटात गेले. डॉक्टरांनी तारीख दिली आणि घरात शांतता पाळल्याबद्दल सगळ्यांचं कौतुक केलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

जायच्या सकाळी खाली गाडी उभी होती. मुलगा बॅग घेऊन पुढे गेला होता. सासरे दाराशी स्टुलावर बसून बूट घालत होते आणि नाडी काही बांधली जाईना. सून खाली बसून नाडी बांधू लागली.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "आता काढ तो आवाज."

तिने मान वर केली. "बाबा, काळजीचं..." एवढंच निघालं आणि आवाज फुटला. इतक्या वर्षांत फोनवर कधी फुटला नव्हता.

सासऱ्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. "फोन ठेवू नकोस," ते म्हणाले. "मी लाइनवर आहे."

तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला. टॉवेल पुन्हा पलंगावरच होता.

"मी उचलणार नाही हं," त्या ओरडल्या. "तिथेच राहू दे. परत येऊन तुमचा तुम्ही उचलायचा."

"उचलीन," सासरे म्हणाले आणि उठून उभे राहिले.