फक्त दिसायला टांगलेली

आपली कहाणी सांगताना सगळे आधी जन्म सांगतात, मग कामाची वर्षं, मग म्हातारपण. मला त्या क्रमाने बोलवत नाही.

मित्रांनो, मी एक बंगई आहे. घरात टांगायचा लाकडी झोपाळा. चाळीस वर्षं माणसं माझ्यावर बसली, आणि या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी एका बाईला खाली पाडलं. ते आधी सांगते. ते सांगितल्याशिवाय बाकीचं सांगायचा मला हक्क नाही.

पडणं

जळगाव. तिसरा मजला. स्वप्नीलची एका खोलीची भाड्याची जागा.

आखाजीच्या दिवशी सकाळी त्याची आई पुष्पाबाई गावाहून आल्या. हातात सांजोऱ्यांचा डबा, अंगावर नवं लुगडं. दारातच थबकल्या. चोहीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पोऱ्या, झोपानी खोली कोठे शे?"

"हीच, आई."

"आन रांधानी?"

"तीपण हीच."

"मंग पाव्हना रुसना त जाई कोठे?"

स्वप्नील हसला. त्याही हसल्या. मग त्यांनी मला पाहिलं. खिडकीपाशी, पांढऱ्या दोरांवर, उजेडात. डबा टेबलावर ठेवून त्या सरळ माझ्याकडे आल्या. माझ्यावरच्या दोन कुंड्या उचलून त्यांनी अलगद खाली ठेवल्या, पदर सावरला आणि बसल्या. पाय जमिनीवरून उचलले.

वर काहीतरी कडकन मोडलं. मी तिरपी झाले. त्या उजव्या हातावर पडल्या आणि माझी कड त्यांच्या कमरेत बसली.

स्वप्नील धावला.

मनगट मोडलं होतं. दीड महिना प्लास्टर. कंबर सुजली, पण हाड शाबूत. पहिले दोन दिवस त्यांना कुशीवर वळताही येत नव्हतं. सुजलेल्या कमरेवर उमटलेली ती सरळ, लांब, काळीनिळी रेघ माझी होती.

आता जन्म

मला उखर्डूनानांनी घडवलं. पुष्पाबाईंचे मोठे भाऊ, सोनगीरचे सुतार.

आमच्या खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात. झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात, चार दिवस सासर विसरतात. लग्नानंतरच्या पहिल्याच आखाजीला पुष्पाबाईंना सासरच्यांनी पाठवलं नाही. घरात कामं पडली होती म्हणे. उखर्डूनाना आणायला गेले होते, ते तसेच रिकाम्या हाती परतले. सागाची एक जुनी फळी काढली आणि रंधा धरला.

मी लहानच आहे. एका माणसापुरती. चार कोपऱ्यांना चार कड्या. नानांनी मला एसटीच्या टपावर टाकून बहिणीच्या सासरी नेलं आणि सगळ्यांच्या देखत ओटीवर टांगलं. टांगल्यावर आधी स्वतः बसले, दोन उड्या मारून पाहिल्या, मग उतरले. व्याह्यांना म्हणाले, "तुम्ही तिला झोक्याकडे येऊ देत नाही, म्हणून झोकाच इकडे आणला." व्याही ओशाळून हसले. पुष्पाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या दिवशी त्या बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळे शेतात गेल्यावर बसल्या.

मग चाळीस वर्षं. त्या माझ्यावर बसून भाजी निवडायच्या, स्वप्नीलला मांडीवर घेऊन झोपवायच्या. नवरा गेल्यावर तेरा दिवस त्या माझ्याकडे फिरकल्या नाहीत. चौदाव्या दिवशी येऊन बसल्या. मी किर्र वाजले, नेहमीसारखीच. कुणी बसलं की मी वाजायचे. घरच्यांना त्यावरून कळायचं की आई बसली आहे.

खोली

स्वप्नील पाइपांच्या कारखान्यात नोकरीला लागला आणि त्याने ही जागा घेतली. अठरा फूट लांब, दहा फूट रुंद. आधी तिथे अंधार होता. एक मोठं लोखंडी कपाट खिडकी अडवून उभं होतं.

त्याने फार मेहनत केली, हे मला सांगितलंच पाहिजे. कपाट काढलं. भिंती पांढऱ्या केल्या. पलंगाऐवजी दिवसा बैठक होईल अशी गादी आणली. टेबल भिंतीला मिटून ठेवता येणारं. खिडकीसमोर आरसा लावला, त्यामुळे खोलीला दोन खिडक्या आहेत असं वाटायचं. पडदे इतके पातळ की वारा नसतानाही हलायचे. दार उघडून आत आलेला माणूस "वा" म्हणायचाच. कोंदट जागेचं त्याने हसतं घर केलं होतं.

फक्त खिडकीपाशी काहीतरी कमी पडत होतं. गावाकडचं काहीतरी.

त्याने आईकडे मला मागितलं. पुष्पाबाईंनी माझ्या कडेवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "लई जाय. मी तुनाकडे उनू की माले बसाले व्हई."

त्या आल्या की त्यांना बसायला होईल, हे वाक्य लक्षात ठेवा. स्वप्नीललाही ते चांगलं लक्षात होतं.

सजावटीचं काम करणारा जितेंद्र म्हणून एक ओळखीचा माणूस होता. त्याने माझ्या लोखंडी साखळ्या काढून पांढरे सुती दोर बांधले. मालकाने स्लॅबला भोक पाडायला मनाई केली होती, म्हणून वरच्या पीओपीच्या खोट्या छतालाच हूक लावले. खाली उतरून हात झटकत तो म्हणाला, "स्वप्नीलभाऊ, हे फक्त दिसायला हं. दोन-चार कुंड्या ठेवा. माणूस नको."

"नाही, नाही. माणूस कशाला बसतोय?" स्वप्नील म्हणाला.

मग माझ्यावर मनीप्लँट आला, तुळशीची छोटी कुंडी आली. कड्यांना तेल घातलं गेलं आणि माझी किरकिर थांबली.

मित्रांनो, मला ते आवडलं. हा माझा पहिला गुन्हा. गावात कुणी माझ्याकडे पाहत नसे, माझ्यावर फक्त बसत. इथे लोक पाहायचे, फोटो काढायचे, सागाच्या रेषांवरून बोट फिरवायचे. कुणी बसायला गेलं की स्वप्नील हसत अडवायचा, "अरे, बसू नको! शोपीस आहे." कारखान्यातल्या मित्रांना सांगितलं. शेजारच्या हेमलताताईंना सांगितलं. पेपर टाकायला आलेल्या माणसालाही सांगितलं.

आईला सांगितलं नाही.

दर रविवारी फोनवर बोलणं व्हायचं. "बंगई कशी शे?" त्या विचारायच्या. "एकदम मस्त," तो म्हणायचा. तिथे एक जागा रिकामी राहायची. त्या जागेत सांगता आलं असतं. पण सांगायचं काय? की आई, तुझी बसायची जागा मी कुंड्यांना दिली?

नाना येतात

पडल्यानंतर दुसऱ्याच दिवशी जितेंद्र आला, छताचं भगदाड बुजवलं, पांढरा रंग दिला. हूक स्वयंपाकाच्या ओट्याखालच्या खणात गेले. मला आरशाशेजारी भिंतीला टेकवून उभं केलं. खोली पुन्हा फोटोसारखी झाली, गादीवर प्लास्टर घातलेली आई सोडली तर.

चौथ्या दिवशी दुपारी उखर्डूनाना आले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, उन्हात बस बदलत आलेला. आत येऊन टोपी काढली, चौफेर पांढऱ्या भिंतींकडे पाहिलं. "हाई घर शे का दवाखाना? बठ्ठं धवळं!"

पुष्पाबाई हसायला गेल्या आणि कमरेला हात लावून कण्हल्या.

"कसं व्हयनं व हाई?" नाना त्यांच्याजवळ बसले.

पुष्पाबाईंनी स्वप्नीलकडे पाहिलंसुद्धा नाही. "काही नही भाऊ. कडी वाकनी, दोर निसटना. मीच धपकन बसनू."

त्यांना वाटलं, पोराला सांभाळून घेतलं. आपण कुणावर काय ढकलतोय हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

नाना माझ्याकडे वळले. गुडघे टेकून बसले. पडताना माझी एक कडी फरशीवर आपटून वाकली होती. त्यांचं बोट फिरत फिरत तिथे आलं आणि थांबलं. 

"वरचे हूक?" त्यांनी विचारलं.

"काढून टाकले मामा. परत नको म्हणून." स्वप्नील म्हणाला. हे खरं होतं. यापेक्षा मोठं खोटं मी ऐकलेलं नाही.

नानांनी वर पाहिलं. छत कोरं. दोर पाहिला, कुठेच तुटलेला नाही. मग पुन्हा कडी पाहिली. "तिरपी बसाडेल व्हती मी," ते हळूच म्हणाले. "चाळीस वरीस झाले. तवयबी हात चुकनाच व्हता म्हना."

"भाऊ, असं काय..." पुष्पाबाई उठू लागल्या, त्यांना उठता आलं नाही.

"शेजारना रुपचंदना घरनी बंगई बी मीच घडेल शे. त्याना नातू बसतस तिनावर. जाईसन उतारी टाकसू." त्यांनी आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. "आते हत्यारं बी दी टाकसू कोनले."

मला ओरडावंसं वाटलं. नाना, तुमची कडी सरळ होती! चाळीस वर्षं तसूभर हलली नव्हती! पण मी लाकूड. बिनबोभाट माणूस पाडता येतो मला, बोलता येत नाही.

जेवणं झाली. नाना ताटात पाहूनच जेवले. हात धुऊन त्यांनी पिशवी उचलली आणि मला काखेत घेतलं.

"हाई लई जासू. चुल्हामा घालसू."

त्यांनी दाराची कडी काढली. तेव्हा स्वप्नील उठला, ओट्याखालचा खण ओढला आणि त्यातला एक हूक आणून मामांच्या तळहातावर ठेवला. बोटाएवढा, चकचकीत, नवा. त्याच्या बुडाला पीओपीचा पांढरा तुकडा अजून चिकटलेला होता.

"मामा, हा निघाला. तुमची कडी नाही वाकली, ती खाली आपटून वाकली. हा कुंड्यांसाठी होता. मला सांगितलं होतं, माणूस नको."

"स्वप्नील, ऱ्हाऊ दे ना," पुष्पाबाई म्हणाल्या.

म्हणजे त्यांना माहीत होतं. पडतानाच वर पाहिलं होतं त्यांनी.

नानांनी हूक बोटांनी चाचपला. मग विचारलं, "जवय तुनी माय बसनी, तवय तू कोठे व्हता?"

हे मी गाळलं होतं

मित्रांनो, पडण्याचं सांगताना मी "स्वप्नील धावला" असं म्हटलं. कुठून धावला ते सांगितलं नाही. सांगवलं नाही. त्याच्या लाजेत माझीही लाज होती.

"समोरच होतो," स्वप्नील म्हणाला. "फोटो काढत होतो. आई कुंड्या उचलत होती तेव्हाच तोंडावर आलं होतं, थांब म्हणायचं. पण ती इतकी... उजेड चांगला होता, मामा. वाटलं, एक मिनिट टिकेल. एक फोटो होईल. मग सांगू."

पुष्पाबाईंना एवढं मात्र ठाऊक नव्हतं. त्यांना वाटत होतं, तो सांगायला विसरला. त्यांचा चेहरा आरशात होता, तो मला दिसत होता. तो रडवेला झाला नाही. फक्त पाहुण्यांसमोर असावा तसा नीटनेटका झाला. आपल्याच पोरासमोर.



"दखाड," त्या म्हणाल्या.

स्वप्नीलने मोबाइल पुढे धरला. त्यांनी तो डाव्या हातात घेतला. फोटोत त्या बसलेल्या, पाय जमिनीपासून वर, तोंड उघडं, हसू डोळ्यांपर्यंत. मागे पातळ पडदा. खाली त्यांनी नीट मांडून ठेवलेल्या दोन कुंड्या. खोलीचा इतका छान फोटो तोपर्यंत कुणीच काढलेला नव्हता.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग मोबाइल परत दिला.

"पुसू नको हाऊ. पन भितीवर लावू बी नको."

नानांनी मला खाली ठेवलं. हूक खिशात घातला. निघताना भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही, ओरडलेही नाहीत. पायरीवरून फक्त एवढं म्हणाले, "रुपचंदनी बंगई ऱ्हाई आते, उतारत नही." आणि जिना उतरून गेले.

आता

मी दारामागे उभी आहे. खिडकीजवळ, जिथे उजेड सगळ्यात चांगला पडतो, तिथे स्वप्नीलने हातांची एक जाड खुर्ची आणून ठेवली आहे. तपकिरी. खोलीत ती मुळीच शोभत नाही. येणारा माणूस आता "वा" म्हणत नाही, "बसू का?" म्हणतो आणि बसतो. पुष्पाबाई प्लास्टर निघेपर्यंत इथेच आहेत. त्या खुर्चीत बसून स्वप्नीलशी जेवणाचं, औषधाचं बोलतात. बाकीचं बोलणं अजून सुरू झालेलं नाही.

मित्रांनो, घर जरूर सजवा. लहान घर तर आणखी मनापासून सजवा. पण ज्या वस्तूवर बसायचं नाही, टेकायचं नाही, ती दिसायला मांडलीत तर ते सगळ्यात आधी त्या माणसाला सांगा, जो न विचारता, हक्काने तिच्यावर बसणार आहे. परक्यांना सांगणं सोपं असतं, ते मी रोज ऐकलं आहे. आपल्या माणसाला सांगताना जीभ जड होते. तेव्हा ती तशीच जड उचला आणि सांगा. त्या सकाळी दोन कुंड्या उचलायला जेवढा वेळ लागला, तेवढा पुरेसा होता.