सहा ढोलवाले

खोटं वागायचं तर नीट वागावं, नाहीतर त्या भानगडीत पडू नये, असं संजनाचं मत होतं. तिच्या नवऱ्याला, परेशला, दोन्हीतलं एकही जमलं नाही.

परेश तसा सरळ माणूस. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तयार झालेले सुटे भाग मोजायचे आणि पास-नापास ठरवायचं, हे त्याचं काम. आठवडाभर मोजमाप, आणि आयतारी, म्हणजे रविवारी, नार्व्याला गोकुळदासबाबांकडे लढाई. लढाई म्हणजे टेबलावरची हो. बोटभर उंचीचे शिशाचे शिपाई, दोन फासे, एक फूटपट्टी, आणि अमुक पलटण सहा इंच चालली की साडेसहा यावरून दोन शहाण्यासुरत्या माणसांनी घातलेला वाद. सुमंगलाकाकी, म्हणजे बाबांची बायको, आतून म्हणायची, "लहान पोरं बरी."

गोकुळदासबाब मुरगाव बंदरात कारकून होते. चाळीस वर्षांमागे खनिज भरायला आलेल्या बोटीवरच्या एका पोलिश इंजिनियराने त्यांना हा खेळ शिकवला आणि जाताना शिपायांची अख्खी पेटी भेट दिली. ते शिपाई करणारी कंपनी कधीच बंद पडली. आता जगभर शोधलं तरी ते मिळत नाहीत. बाबांना मूलबाळ नाही, नजर अधू झालेली. पावसाळ्याच्या सुरुवातीला ते परेशला म्हणाले, "गणपतीची चवथ झाली की पेटी तूच घेऊन जा. माझ्या मागे ती भंगारात जायला नको. पण एक सांगतो, साचा काढायचा नाय. एकाचाही नाय." परेश हो म्हणाला. शपथ कोणी घातली नाही, पण नार्व्याच्या माणसाला नुसतं हो पुरतं.

आता गोम अशी होती, की पेटीत पलटणी सहा आणि ढोलवाला एकच. नियमाने प्रत्येक पलटणीला ढोलवाला हवा. बाबा बाकी पाच पलटणींपुढे सुताचं रीळ ठेवायचे आणि म्हणायचे, "हा ढोल समज." परेशला ते रीळ बघवत नसे. त्यातच बाबांनी त्याला चार शिपाई नव्याने रंगवायला घरी दिले. तीन बंदूकवाले आणि चौथा तो ढोलवाला. मांजराला लोण्याची राखण सांगितल्यावर काय व्हायचं?

"कंपनी बंद, माल बंद," परेश संजनाला म्हणाला. "विकणार तर मी नाहीच. कोणाच्या पोटावर पाय येतो?"

संजना पेडण्याची. तिचे वडील सगुण तिथे चित्रशाळेत गणपती करतात, साच्याशिवाय, हातांनी. तिने पीठ मळता मळताच उत्तर दिलं. "माझ्या बाबांच्या गणपतीवरून चुलत्याने गुपचूप साचा काढला होता. बाबा काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, विचारलं असतं तर मी हाताने काढून दिला असता. आजही एकमेकांच्या घरी जात नाहीत. आणि तुम्हाला तर गोकुळदासबाबांनी विचारायच्याही आधी नाही म्हटलंय."

"मी कुठे कोणाला दाखवणार आहे?"

"मग काढताय कशाला?" संजनाने विचारलं. परेश उठून कामाला लागला.

उष्णता सोसणारं रबर त्याने मागवून घेतलं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून जाळ्याला लावायची शिशाची वजनं आणली. ढोलवाल्याचा जुना रंग उतरवला, त्याला अर्धा मातीत पुरून वर रबर ओतलं, ते घट्ट झाल्यावर व्हॅसलीन फासून दुसरी बाजू ओतली. संजनाने स्वयंपाकघरात पाऊल ठेवू दिलं नाही. शिशाची वाफ वाईट, ती भांडी पुन्हा जेवणाला चालत नाहीत, हे तिला त्याच्याआधी ठाऊक होतं. मग परसात, वाऱ्याच्या बाजूला पाठ करून, जुन्या कढल्यात शिसं वितळायला लागलं. पहिल्या ढोलवाल्याला हातच आले नाहीत. दुसऱ्याला टिपऱ्या नाहीत. हवा आत कोंडते हे ध्यानात आल्यावर त्याने साच्यात सुईएवढ्या वाटा कापल्या, आत पावडर भुरभुरवली, आणि मग मात्र एकामागून एक पाच ढोलवाले असे सुबक निघाले की त्याला स्वतःचाच हेवा वाटला. बिघडलेले त्याने परत वितळवले.

आणि मग चवथीची साफसफाई आली. संजनाने समया, तांब्या, ताम्हण, सगळं चिंच लावून घासायला परसात काढलं. पायरीवर सहा काळवंडलेले शिपाई होते. बिचारीने भल्या मनाने तेही घासले. परेश घरी आला तेव्हा तुळशीच्या कट्ट्यावर सहा ढोलवाले एका ओळीत, एकसारखे लखलखत, वाळत बसले होते.

"यातला बाबांचा कुठला?" परेशने विचारलं.

"तो तुम्हाला ठाऊक," संजना म्हणाली, आणि मग त्याचा चेहरा बघून तिने हातातली चिंच खाली ठेवली.

त्याने उलटेसुलटे करून पाहिले. भिंग लावून पाहिले. प्रत्येक वेळी हाच तो असं वाटायचं आणि पुढचा उचलला की तोही तोच वाटायचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आयतारी ढोलवाला परत न्यायचा होता. चुकीचा नेला तर? नजर अधू झालेल्या माणसाला नकली वस्तू देऊन अस्सल घरात ठेवायची, याला चोरी नाही तर काय म्हणायचं? आणि बाबांनी चवथीची वाट न बघता त्याच आयतारी पेटीही हातात दिली तर ती कुठल्या तोंडाने घ्यायची?

शनिवारी त्याला एकदम सुचलं. तापलेला धातू निवताना आखडतो. प्रत मुळाहून केसभर का होईना, लहानच असणार. तो सगळ्यांना कारखान्यात घेऊन गेला, सोबत बाबांचे तीन बंदूकवालेही. जेवणाच्या सुट्टीत त्याने हातात मावणाऱ्या मोजमापाच्या यंत्रात एकेकाची गोल बैठक धरली. पाच ढोलवाले चोवीस पूर्णांक साठ मिलिमीटर. सहावा चोवीस पूर्णांक ऐंशी. सापडला. परेशला इतकं हायसं वाटलं की त्याने डबा उघडला आणि निम्मी पोळी खाल्ली.

मग उगाचच, हाताला सवय म्हणून, त्याने बंदूकवाले मोजले. तिन्ही बरोबर पंचवीस.

त्याचं डोकं चालेना. एकाच कंपनीचे, एकाच पेटीतले शिपाई. तिघे पंचवीस आणि ढोलवाला तेवढाच लहान? जितक्या त्याच्या प्रती ढोलवाल्याहून लहान, तितकाच ढोलवाला बंदूकवाल्यांहून लहान. म्हणजे अस्सल हरवला होता का? मग हा कोण? आपण पाच ओतले की सहा? त्याने बोटांवर मोजलं, पाचच. पुन्हा मोजलं, पाचच. मग याचा अर्थ एकच होता, की बाबांनी दिलेला ढोलवालाच मुळात कोणाची तरी प्रत होता. आणि हे बाबांना माहीत होतं का नव्हतं, ते परेशला कळेना. सांगावं तर आपलं बिंग फुटतं. न सांगावं तर म्हातारा खोट्याला खरं समजून जपतोय. खाई त्याला खवखवे, तसा तो रात्रभर कूस बदलत राहिला.

आयतारी सकाळी नार्व्याला पोचल्यावर त्याने फासे हातात घेतलेच नाहीत. सहाही ढोलवाले टेबलावर ठेवले आणि सगळं सांगून टाकलं. साचा, शिसं, चिंच, मोजमाप, सगळं. "आणि बाब, रागावू नका, पण तुमचा तो ढोलवाला अस्सल नाही. तीही प्रतच आहे."

गोकुळदासबाब रागावले नाहीत. त्यांचा चेहरा असा काही झाला की परेशलाच भीती वाटली.

"परत सांग," ते म्हणाले.

परेशने परत सांगितलं. मग बाबा हळूहळू बोलायला लागले. इंजिनियराने पेटी दिली, पण ढोलवाला त्याने स्वतःकडे ठेवला होता. त्याच्या मुलाचा तो लाडका. बाबांनी एक दिवस घरी दाखवायला म्हणून मागून आणला, संध्याकाळी परत देतो म्हणाले. शिपायांना तेव्हा रंग नव्हता, म्हणून वास्कोच्या एका सोनाराकडून हुबेहूब त्याच्यासारखाच दुसरा ओतून घेतला. दोन्ही एकाच खिशात टाकून ते धक्क्यावर धावले, कारण बोट सुटायला आली होती. खिशातून हाताला आला तो इंजिनियराला दिला. बोट गेली. मग खिशातला दुसरा हातात घेऊन बघत बसले, तर कुठला कुठला ते त्यांना कळेना.

"चाळीस वर्सां," बाबा म्हणाले. "दर आयतारी हा हातात घेतो आणि वाटतं, त्या पोराचा मी चोरला. म्हणून तुला साचा नको म्हटलं."

"तुम्ही चोरला नाहीत. तुमच्याकडे प्रत राहिली. त्याचा त्याला मिळाला."

"तुझं यंत्र आणलंयस?"

परेशने आणलं होतं. बाबांना त्यावरचे आकडे दिसेनात, म्हणून त्यांनी सुमंगलाकाकीला हाक मारली. ती ओले हात पुसत आली, चष्मा लावला, आणि कशासाठी ते न विचारता वाचायला लागली. बंदूकवाला, पंचवीस. दुसरा, पंचवीस. तिसरा, पंचवीस. ढोलवाला, चोवीस ऐंशी.

"परत वाच गो."

"चोवीस ऐंशी म्हटलं ना."

बाबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ते मोठ्याने रडले. काकी घाबरली. "काय झालं तुम्हाला?"

"कांय नाय गो. मी चोर न्हय."

"अहो, पण तुम्हाला चोर म्हटलं कोणी?"

काकी पाणी आणायला आत गेली. परेशने भिंतीशी ठेवलेल्या पेटीकडे पाहिलं आणि नजर परत वळवली. बाबांच्या ते ध्यानात आलं. त्यांनी डोळे पुसले.

"ज्याला मी पेटी देणार होतो, तो परेश दिलेला शब्द पाळणारा," ते म्हणाले. "पण त्याने साचा काढला नसता, आणि मग मी चोर म्हणूनच मेलो असतो. मला सोडवलं ते शब्द मोडणाऱ्याने. आता पेटी मी कोणाला देऊ, तूच सांग."

परेशने खरोखर विचार केला. त्याला पेटी हवी होती, फार हवी होती.

"मला नाही कळत, बाब," तो म्हणाला.

"मलाही नाय," गोकुळदासबाब म्हणाले, आणि त्या दिवशी पेटी तिथेच राहिली.