बुधवारची हजेरी

धुडकूला पोलिसांनी उचललं मंगळवारी दुपारी, आणि कागदावर अटक दाखवली शुक्रवारी संध्याकाळी. मधले तीन दिवस तो कुठे होता म्हणाल, तर चौकीतच, एका बाकावर. हे त्याच्या बायकोला, मालतीबाईला, पक्कं ठाऊक होतं, कारण रोज डबा घेऊन तीच जात होती. बुधवारचं भरीत तसंच परत आलं. गुरुवारी त्याने कसेबसे दोन घास खाल्ले.

आता एवढ्यावर मिटायला हवं होतं की नाही? भेस्तानच्या कापडाच्या गोदामात चोरी झाली ती बुधवारी रात्री. मंगळवारपासून चौकीत बसवलेला माणूस बुधवारी रात्री गोदाम फोडेल कसा? पण चोर काही सापडत नव्हता, वरून साहेबांचा तगादा, आणि गल्लीतल्या कुठल्याशा भांडणाच्या चौकशीसाठी आणलेला धुडकू आयता हाताशी. दिला गुन्हा त्याच्या गळ्यात मारून.

त्यांची मुलगी हर्षदा दहावीत. बुधवारी संध्याकाळी ती नागरिकशास्त्राचं पुस्तक घेऊनच आईबरोबर चौकीत गेली. पानावर बोट ठेवून तिने जमादाराला वाचून दाखवलं, की राज्यघटनेचं बाविसावं कलम आहे, अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांत न्यायाधीशापुढे उभं करावं लागतं. जमादार रागावला नाही. कौतुकाने गुजरातीत म्हणाला, "बराबर छे, बेटा. पण एनी अटक क्यां करी छे? ए तो खाली बेठो छे." घ्या. माणूस नुसता बसलाय, अटकच नाही, तर कलम लागणार कुणाला? पोरीने पुस्तक मिटलं आणि त्या दोघी घरी आल्या.

पुढे सरकारकडून फुकटात वकील मिळाला, भूपेंद्रभाई. माणूस भला. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "ताई, तुमचं खरं आहे, पण बायको नवऱ्याच्या बाजूने बोलणारच, असं कोर्ट म्हणेल. चौकीतला कॅमेरा त्या आठवड्यात बंद होता म्हणे. दुसरा काही पुरावा?" नवागामातल्या ज्या लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, धुडकू अकरा वर्षं माग चालवत होता, तिथला एकही सोबती साक्षीला यायला तयार झाला नाही. बोल कुणाला लावायचा? त्यांनाही पोरंबाळं आहेतच.

तेव्हा मालतीबाईलाच सुचलं. बुधवारी माणूस कामावर गेलाच नाही, तर त्याची हजेरी लागेल कशी? "खात्याचं मस्टर मागवा," ती म्हणाली. भूपेंद्रभाईने जामिनाच्या अर्जासोबत तशी मागणी केली, आणि पुढच्या तारखेला मस्टर हजर करा, असा कोर्टाचा हुकूमही निघाला. तो महिना तिने मोठ्या उमेदीत काढला. साड्यांचे धागे कापता कापता शेजारणींना सांगायची, आता कागदच बोलेल. बिचारी!

तारखेला मॅनेजरने मस्टर आणून न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवलं. सरकारी वकिलाने पान काढून मोठ्याने वाचलं. धुडकू, मंगळवार हजर. बुधवार हजर. गुरुवार हजर. वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. ओळीच्या शेवटी सही. मालतीबाईला आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाचं नाव वाचताहेत.

न्यायाधीशांनी धुडकूला जवळ बोलावून विचारलं, ही सही तुझी का? नाही म्हण, मालतीबाई मनात म्हणत होती, एवढं एकदा नाही म्हण. पण आयुष्यात खोटं बोलायची सवय नसलेला तो माणूस. कापडातला तुटका धागा शोधावा तसा पानावर वाकला, बघितलं, आणि म्हणाला, "हा साहेब, सही मारीज छे."

मग तो सांगू लागला. महिन्याच्या पहिल्या तारखेला कोऱ्या पानावर सगळ्यांच्या सह्या घेतात, रकाने मॅनेजर मागाहून भरतो, तपासणीवाले आले की दाखवायला. न्यायाधीशांनी शांतपणे ऐकून घेतलं. याला काही पुरावा आहे का, विचारलं. नव्हता. स्वतःच्या सहीपुढे नुसता तोंडी शब्द टिकत नाही, असं म्हणून त्यांनी जामीन नाकारला.

व्हरांड्यात पोलिसांनी दोन मिनिटं भेटू दिलं. मस्टर मालतीबाईनेच मागवलं होतं, तिच्याच हट्टाने आलं होतं ते. कसंबसं तिने तेवढंच सांगितलं. धुडकू म्हणाला, "तुना काय दोष? त्यास्नी इचारं, मी खरं सांगं. पोरनी शाळा बंद करू नको." आणि त्याला घेऊन गेले.

भूपेंद्रभाईने त्या पानाची झेरॉक्स हातात दिली, वरच्या कोर्टात जाऊ म्हणाला. घरी आल्यावर हर्षदाने ते पान पहिल्यापासून वाचलं. रोज नऊ ते पाच काम. मध्ये जेवणाची सुटी. दर रविवारी रजा. सगळं कसं कायद्याला धरून.

"रोज पाच वाजता सुटी?" मालतीबाईने विचारलं.

"हो आई, रोज."

अकरा वर्षं तो सकाळी सातला जायचा आणि रात्री आठला यायचा, ताटावरच डुलक्या घ्यायचा. रविवार म्हणजे काय, हे त्या घराला माहीत नव्हतं. मालतीबाईने तो कागद पोरीच्या हातातून घेतला. कोर्टात अडवून धरलेलं रडू आता काही केल्या आवरेना.

"त्यास्नी ह्या कागदवरना माणूसले एक दिन तरी घर धाडाले पाहिजे व्हतं," ती म्हणाली.