लोंबलेलं दार

वळणावर गाडीचं दार उघडलं आणि आई अर्धी बाहेर लोंबकळली. पट्टा होता म्हणून वाचली. तेव्हापासून ती वडिलांच्या त्या जुन्या गाडीत पाऊल टाकायला तयार नव्हती. कुठं जायचं म्हटलं की, मी घरीच बरी. भटकायची एवढी हौस असलेली बाई खिडकीशी बसून राहिली, याचाच ताईला संताप येत होता. धाकटा भाऊ मात्र म्हणे, जुनी गाडी आहे, चालायचंच.

शेवटी ताईनंच जॅक ओढून आणला, वर चिंध्यांची घडी ठेवली आणि लोंबलेलं दार त्यावर टेकवलं. बिजागऱ्यांच्या पिना पार झिजल्या होत्या. मग तिची नजर गाडीच्या चौकटीच्या समोरच्या खांबावर गेली. दार ज्यात अडकतं तो आकडा, लोंबलेलं दार कसंबसं लागावं म्हणून, कुणीतरी खाली सरकवला होता. वर रंगात जुन्या जागेचा ठसा तसाच होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोघं बहीणभाऊ वडिलांच्या गॅरेजातच वाढलेली. आधी बिजागरी, मग आकडा, हे तिथं अक्षरओळखीच्या आधी शिकवलेलं. कुणी उलटं केलं की वडील ओरडत नसत. मुकाट्यानं हातातला पाना काढून घेत आणि झाडू देत.

धाकटा चहा घेऊन आला. तिनं खांबाकडे बोट दाखवलं.

"दार लागत तर होतं, ताई."

"लागत नव्हतं, नुसतं टेकत होतं. आणि त्याला टेकवून बसवलंस कुणाला? आईला."

त्यानं कप खाली ठेवला. चहा तसाच निवला. तिनं त्याला दार धरायला लावलं, पिना ठोकून काढल्या, पिनांभोवतीचे नवे बुश आणि नव्या पिना बसवल्या. दर ठोक्याला त्याच्या आळशीपणाचा उद्धार चालूच होता. दार सरळ झालं, पण आता आकड्यावर आपटू लागलं. तिनं पाना त्याच्या पुढ्यात टाकला. आकडा त्यानं स्वतः जुन्या ठशावर नेला.

आई केव्हाची मागे उभी होती. सवयीनं ती दोन्ही हातांनी दार उचलायला वाकली.

"उचलू नकोस, आई. नुसतं लोट."

खट्. आईनं उघडलं, पुन्हा लोटलं. खट्. मग ती आत बसली, पदर सावरला, पट्टा लावला.

"निघायचं?" धाकट्यानं विचारलं.

"निघू की," आई म्हणाली. "आधी गॅरेज झाडून घे."