पहिलेबुवा आणि रिकाम्या खोलीतला फोन

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. शिरली असती, तर तिलाही कुणीतरी विचारलं असतं, "काय गं, तुझी वेबसाइट आहे का?"

चष्मेवाला आला होता, गाद्यावाला आला होता, शिकवणीच्या बाई आल्या होत्या. समोरासमोर दवाखाने असलेले आणि दहा जन्मांचं वैर असलेले दातांचे दोन डॉक्टरही आले होते आणि दोघं दोन भिंतींकडे तोंड करून बसले होते. सगळे आले होते पहिलेबुवांसाठी, म्हणजे कुठलीही साइट फोनवरच्या शोधात पहिली आणून देणाऱ्या बुवांसाठी. बुवांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, पण कीर्ती अशी की ऐकणाऱ्याने कानाला हात लावावा. म्हणे, एका चपलांच्या दुकानाच्या साइटवर त्यांनी नुसती नजर टाकली, तर अशी गिऱ्हाइकं लोटली की शेवटी दुकानदाराला पायातल्या चपला विकून अनवाणी घरी जावं लागलं. एका केशकर्तनालयाच्या साइटवरून हात फिरवला, तर परगावचे टकलेसुद्धा येऊन रांगेत बसले. खोटं वाटत असेल तर त्या टकल्यांना विचारा.

तिसऱ्या रांगेत रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाई बसल्या होत्या आणि शेजारी त्यांचे काका. काका हे रक्तपेढीचे अध्यक्ष. पुतणीला त्यांनी लहानपणी खांद्यावर बसवून फिरवलं होतं. तेव्हापासून तिचं डोकं आपल्या डोक्याच्या वर आहे हे त्यांना ठाऊक होतं, फक्त कबूल करायची वेळ आली नव्हती.

बुवा अवतरले. पांढरा सूट, पांढरे बूट, कानात काळं यंत्र.

"शोधयंत्राला डोळे नसतात, मंडळी, भाव असतो भाव!" बुवा गरजले. "तुमची साइट कुठे आहे? चौदाव्या पानावर! चौदाव्या पानावर कोण जातं? वाट चुकलेला नाहीतर पोलीस!"

लोक हसले. काका सगळ्यांत जोरात हसले.

"रक्तपेढीचे अध्यक्ष, उभे राहा. महिन्याभरापूर्वी मी यांच्या साइटला नवा जन्म दिला. नवं नाव दिलं. काढा आपापले फोन आणि लिहा: महाजीवनामृत रक्तसंजीवनी सेवापीठ!"

शेकडो अंगठे चालले. आणि काय सांगावं! प्रत्येक फोनवर, म्हाताऱ्याच्या आणि कॉलेजवाल्याच्या, महागड्या आणि काच तडकलेल्या, पहिल्या पानावर पहिल्या ओळीत रक्तपेढी! टाळ्यांनी पंखे हलले. काकांनी डोळे पुसले.

"अट एकच," बुवांनी बोट वर केलं. "किल्ली माझ्याकडे. पासवर्ड विचारायचा नाही. साइटला हात लावायचा नाही. एक अक्षर हललं, की पान पडलं!"

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. पण काकांचा उजळलेला चेहरा बघून त्या गप्प बसल्या.

रक्तपेढीची जुनी साइट दिसायला बापुडवाणी होती, पण टेबलावर फोन घेणारी मावशी रोज सकाळी स्वतःच्या हाताने तीत लिहायची, आज कुठल्या गटाचं रक्त शिल्लक आहे ते. नव्या साइटवर रक्ताच्या थेंबांचं कारंजं उडत होतं आणि मावशीला दार बंद होतं.

"बाई, आता शिलकीचं कुठे लिहायचं हो?"

"काकांना विचारते, मावशी."

काका म्हणाले, "बुवांना सांगू सवडीने."

तेवढ्यात जुन्या इमारतीच्या भिंतीला तडे गेले आणि रक्तपेढी पुलापलीकडे हलली. पुलापलीकडे जुना नंबर चालेना, म्हणून मावशीच्या हाती नवा मोबाइल आला. साइटवर पत्ता आणि नंबर बदलायला हवा, म्हणून काकांनी बुवांना फोन लावला. बुवा जवळजवळ किंचाळले. "ते आकडे मी बसवलेत! नंबर मेला की पान मेलं! तो फोन आहे तिथेच जिवंत राहू द्या!"

म्हणून फ्रिज हलले, खुर्च्या हलल्या, कपाटं हलली, आणि रिकाम्या खोलीत जमिनीवर फोन तेवढा राहिला. दाराला कुलूप लागलं. कुलपाच्या वर नव्या पत्त्याचा कागद चिकटवला होता, तो वाऱ्याने नेला.

"काका, तिथे उचलणार कोण?" बाईंनी विचारलं.

"थोडे दिवस गं पोरी. पान जरा पक्कं होऊ दे."

दुसऱ्या दिवशी रक्तदानाचं शिबिर होतं. बाईंना भांडायला सवड नव्हती.

पुढे एका दुपारी एक माणूस आत आला आणि त्याने मावशीच्या टेबलावर एक जड पितळी कुलूप ठेवलं.

"तुमचं आहे. जुन्या जागेचं. मी उघडलं होतं, परत लावायचं राहिलं."

"उघडलं म्हणजे? चोरी करायला गेला होतात की काय?" मावशी तडकली. मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. बाईंनीही ओळखलं. पंधरवड्यापूर्वी संध्याकाळी हाच धापा टाकत आला होता. बाईंनी स्वतः रक्त जुळवून दोन पिशव्या त्याच्या हातात दिल्या होत्या.

"कुलूपवाला आहे मी," तो म्हणाला. "किल्ल्या करतो. बायकोला बाळंतपणाला इथल्या इस्पितळात आणलं होतं. रक्त थांबेना. तिथली नर्स नवी होती, म्हणाली, रक्तपेढीतून आणा, पत्ता फोनवर सापडेल. मी शोधलं. पहिल्यांदा रक्तवाढीच्या गोळ्या आल्या. मग कपड्यांवरचे रक्ताचे डाग कसे काढावेत, ते आलं. तुमचं नाव फार खाली होतं. पत्त्यावर गेलो तर दाराला कुलूप. नंबर लावला, तर आत घंटी वाजली."

काका आतल्या खोलीतून येऊन दारात थबकले होते.

"मला वाटलं, आत माणसं आहेत आणि उचलत नाहीत. दार बडवलं. शिव्या दिल्या, माफ करा. परत लावला, परत आत वाजला. मग कुलूप उघडलं. माझ्या हाताला वेळ लागत नाही त्याला. आत काहीच नव्हतं. जमिनीवर फोन होता आणि तो वाजत होता. मीच वाजवत होतो."

मावशीने त्याच्यापुढे खुर्ची सरकवली.

"समोरच्या इस्त्रीवाल्याने इथलं सांगितलं. तुम्ही लगेच दिलंत, तुमच्यावर बोल नाही. पण मी पोचेपर्यंत..." त्याने कुलूप उगाच सरळ केलं. "मुलगी आहे. बरी आहे. तिच्या आजीकडे असते."

तो गेल्यावर काकांनी बुवांना फोन लावला आणि घडलं ते सांगितलं. "बुवा, पत्ता बदला. आत्ताच्या आत्ता."

"अध्यक्ष, भावनेच्या भरात साइटला हात लावू नका," फोनमधून गोड आवाज आला. "बाई गेली, तिचं आयुष्य तेवढंच. पान पहिलं आहे ना अजून?"

काकांनी फोन खाली ठेवला. टेबलावरचं कुलूप उचलून हातात घेतलं.

"पोरी," ते म्हणाले, "पान पहिलं आहे ना, विचारतोय तो. आता साइटचं तू काय ते बघ."

बाईंनी बघितलं. आधी जुन्या दारावर नव्या पत्त्याची पाटी ठोकून घेतली, मग त्या साइट तपासायला बसल्या. माणसाचं रक्त तपासणाऱ्याला साइटचं रक्त तपासायला काय लागतं? एक थेंब घ्यायचा आणि घाबरायचं नाही.

बुवांच्या पुढच्या मेळाव्यात काकांना अनुभवकथनासाठी बोलावणं आलं. ते मंचावर चढले, माईक धरला आणि एवढंच म्हणाले, "माझा अनुभव माझी पुतणी सांगेल."

"आधी मीही एक चमत्कार करते," बाई म्हणाल्या. "काढा फोन. लिहा: त्रिपादभूषण डुगडुगेश्वर आसनसम्राट."

अंगठे चालले. प्रत्येक फोनवर, पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत एका मोडक्या स्टुलाचा फोटो उगवला.

"हे आमच्या प्रयोगशाळेतलं स्टूल. एक पाय कधीचाच गेलाय. तरी अखिल विश्वात पहिला नंबर! मी काय केलं? मागच्या महिन्यात एक फुकटचं पान काढून हे नाव तिथे लिहिलं, बस्स. जगात दुसऱ्या कुणी हे शब्द लिहिलेलेच नाहीत, मग दुसरा येणार कोण? वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात. इथे तर वासरंही नाहीत!"

सभागृह खदखदून हसलं. चष्मेवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बुवाही हसले, फक्त ओठांनी.

"ताई, श्रद्धा नसलेल्या हाताने..."

"थांबा." बाईंनी शेवटच्या रांगेत, त्यांच्याच बोलावण्यावरून आलेल्या कुलूपवाल्याकडे पाहिलं. "दादा, त्या संध्याकाळी तुम्ही काय लिहिलं होतंत?"

तो उभा राहिला. आवाज लहान होता, पण हसू ओसरल्यामुळे सगळीकडे पोचला.

"रक्त कुठे मिळेल."

"तेच लिहा, मंडळी."

लोकांनी लिहिलं. गोळ्या आल्या, डाग आले, परगावच्या रक्तपेढ्या आल्या. माणसं पानं खाली सारत राहिली आणि सभागृह हळूहळू थंड पडत गेलं. कुलूपवाल्याने तिथेच उभं राहून, दार कसं उघडलं आणि आत काय वाजत होतं, ते चार वाक्यांत सांगितलं. पुढच्या रांगेतल्या शिकवणीच्या बाईंनी फोन पालथा ठेवला.

"घाबरलेला माणूस सेवापीठ शोधत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "संजीवनी शोधत नाही. त्याच्या तोंडात येतं ते लिहितो. ते साधे शब्द आमच्या साइटवर माणसाला दिसतील असे कुठेच नाहीत. मग कुठे आहेत? बघा."

मंचामागच्या पडद्यावर बाईंनी रक्तपेढीचं पान उघडलं. तळाशी मोठी पांढरी मोकळी जागा होती. बाईंनी पानावरचा सगळा मजकूर एकदम निवडला आणि त्या पांढऱ्यातून निळ्या पट्ट्यांवर ओळीमागून ओळी उठल्या: रक्त रक्त रक्त, नोकरी, लग्न, स्वस्त सोनं, परीक्षेचा निकाल, भाड्याने घर, पुन्हा रक्त रक्त रक्त.

"लिंबाच्या रसाने कोऱ्या कागदावर लिहायचं आणि आच दाखवून देवाचं पत्र म्हणायचं, त्यातलाच हा प्रकार. पांढऱ्यावर पांढरं. वाचणाऱ्याला दिसू नये आणि शोधयंत्राला भुलवावं म्हणून. पण यंत्र आपल्याइतकं भोळं नाही. त्याला ही लबाडी कळते आणि ते साइटला मागे ढकलतं. बुवांनी आम्हाला वर नेलं नाही, मंडळी. पुरलं. आणि हे दिसू नये म्हणून हात लावायची बंदी. पेटी उघडू नका असं तोच सांगतो, ज्याची पेटी रिकामी असते."

"मी तुमच्या भल्यासाठी..." बुवा मंचाच्या जिन्याकडे सरकत म्हणाले. जिन्यात एका बाजूला एक दातांचा डॉक्टर उभा होता, दुसऱ्या बाजूला दुसरा. आयुष्यात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं.

काका पुढे झाले. "साइट संस्थेच्या नावावर आहे. किल्ली दे."

बुवांनी मंचावरच्या संगणकात पासवर्ड टाकला. त्यांच्या मागे गाद्यावाला आणि चष्मेवाला आपापल्या किल्ल्या मागायला उभे होते.

बाईंनी पांढरी लबाडी पुसली, कारंजं बंद केलं आणि खुर्ची बरोबर आणलेल्या मावशीपुढे ओढली.

"मी? इथे? चुकलं तर?"

"चुकलं तर पुन्हा लिहायचं. जी साइट मावशीला चालवता येत नाही, ती आपली नाही."

मावशीने चष्मा सावरला. एकेक अक्षर शोधत तिने लिहिलं: रक्तपेढी. रक्त इथे मिळेल. पुलापलीकडे, पाण्याच्या टाकीसमोर. मग नवा नंबर. मग आजची शिल्लक. आणि बटण दाबलं. वीज कोसळली नाही. पानही पडलं नाही. पडायला ते उभं कुठे होतं?

"आता लगेच पहिला नंबर येईल?" मागून कुणीतरी अधीरपणे विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "यंत्र सवडीने फिरून येईल, खरं काय ते बघेल आणि पटलं तर हळूहळू वर घेईल. कदाचित पहिला येणारही नाही. आज, आत्ता, इथे दाखवतो असं जो म्हणेल, त्याला आल्या वाटेने परत पाठवा. तुमचं दुकान सापडतं का, हे अनोळखी माणसाच्या फोनवर, त्याच्या तोंडच्या शब्दांत बघा. आणि हात लावू नको असं कुणी सांगितलं, तर आधी हात लावा. उघडून बघा. आम्ही बघितलं नाही. मी बघितलं नाही. एका पोरीची आई गेली."

टाळ्या पडल्या नाहीत. तेवढ्यात मावशीच्या पिशवीत फोन वाजला. तिने सवयीने लगेच उचलला.

"रक्तपेढी, बोला."

उत्तर फोनमधूनही आलं आणि सभागृहाच्या शेवटच्या रांगेतूनही.

"काही नाही, मावशी. कुणी उचलतं का, ते बघत होतो."