नऊ म्हण ना, एकदा

ओपलला टेलिफोन एक्स्चेंजात मीच लावलं आणि घालवलंही मीच. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की ब्रायडी गॅव्हिन स्वतःच्या पोळीवर तूप ओढून बोलते.

डकोटातल्या शेतावरून ती सेंट पॉल शहरात आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. कमरेपर्यंत वेणी आणि अंगात भावाचा कोट. मी राहायचे त्याच घरात तिनं वरची खोली घेतली. तीन आठवडे दारोदार फिरली. जो तो म्हणे, आधी अनुभव आण. अनुभव काय झाडाला लागतो? शेवटी मीच तिला मिस पर्सेलपुढे उभी केली. मिस पर्सेल म्हणजे आमच्यावर देखरेख करणारी बाई, हसली तर बोर्डावरचे दिवे विझतील अशी.

"हात पसर," मिस पर्सेल म्हणाली. गाईंच्या धारा काढून लांबलेले हात ते, बोर्डाच्या वरच्या ओळीपर्यंत सहज पोचले. झालं, लागली नोकरी.

काम म्हणजे, बोर्डावर दिवा लागला की गिऱ्हाइकाला नंबर विचारायचा आणि तार खोचून जोडून द्यायचा. मग आवाज घडवला. आमच्या तोंडाला चारच वाक्यं: नंबर सांगा, सांगितलेला नंबर पुन्हा म्हणा, लाइन बिझी आहे, धन्यवाद. गिऱ्हाईक रडो, शिव्या देवो, लाडात येवो, पाचवं वाक्य नाही. नंबरात आधी विभागाचं नाव, मग आकडे; तारेच्या खरखरीत आकडे चुकू नयेत म्हणून ते ओढून म्हणायचे: पाऽच, नऽऊ. सहा आठवड्यांत चाळीसच्या चाळीस जणी एका आईच्या लेकी वाटायला लागतात.

वसंत आला आणि वेणी गेली. केस कानापर्यंत, झगा गुडघ्यापर्यंत, आणि बर्फातले रबरी बूट बकलं न लावता फटक फटक वाजवत चालायची, तेव्हाच्या सगळ्या नखरेल पोरींसारखी.

"बकलं लाव गं, तोंडावर आपटशील!" मी ओरडायचे.

"आपटू दे ना, ब्रायडी! एकदा तरी मजेत आपटू दे!"

नाचाच्या हॉलमध्ये तिला लेलंड भेटला. रेडिओ विकायचा, आठवडाभर गावोगाव, शनिवारी शहरात. तिचा एक्स्चेंजातला आवाज त्याला फार आवडे. नाचता नाचता कानाशी म्हणायचा, "नऊ म्हण ना, एकदा." ती म्हणायची, "नऽऊ," आणि हा खूश. हे तिनं मला पन्नासदा तरी सांगितलं असेल. दर वेळी कानापर्यंत लाल व्हायची, वेडी.

नोव्हेंबरात लग्न करू, तो म्हणाला. आमच्याकडे लग्न झालेली बाई ठेवत नाहीत. ओपल म्हणाली, "लग्न झाल्यावरच सांगितलं तर?"

"लपवाछपवी नको," मी म्हणाले. "आताच नोटीस दे. मान राहील."

मला नियमांचं एवढं प्रेम कुठून आलं? माझ्या बहिणीची लेक अ‍ॅग्नेस दोन महिने खुर्ची रिकामी व्हायची वाट बघत होती, तिथून आलं. नोटीस गेली आणि अ‍ॅग्नेसला सोमवारचं बोलावणं आलं. पोरींनी ओपलसाठी उशांचे अभ्रे भरतकामाला घेतले, त्यावर दोघांची आद्याक्षरं, ओ आणि एल.

शेवटच्या आठवड्यातला गुरुवार. जेवणानंतर तिच्या बोर्डावर दिवा लागला. मी शेजारच्याच खुर्चीवर.

"नंबर सांगा," ओपल म्हणाली. मग, "एल्म, दोन नऽऊ पाऽच नऽऊ." आणि तिचा तार धरलेला हात तसाच अधांतरी राहिला. मी वळून बघितलं तर चेहरा पांढराफटक. मग म्हणाली, "धन्यवाद," आणि तार लावली.

सुट्टीत विश्रांतीच्या खोलीत मी तिला धरलं. "काय झालं गं?"

"तो होता. लेलंड. म्हणाला, काय गोड आवाज आहे, नऊ म्हण ना, एकदा."

"मग ओळखलं की तुला!"

"नाही गं. पुढे म्हणाला, तुझं नाव काय?"

 ती भिंतीकडे बघत सांगत राहिली. तार लावूनही तिनं कान काढला नव्हता, आणि पलीकडून एका बाईनं फोन उचलला होता. म्हणाली होती, लेलंड, घरी येताना औषध घेऊन ये, धाकटीचा ताप उतरत नाहीये.

"मेला! आणि तू तार उपटली नाहीस?"

"पोरीला ताप होता ना, ब्रायडी."

त्यावर मी रडले. ती नाही रडली.

संध्याकाळी ती मिस पर्सेलकडे गेली, नोटीस परत द्या म्हणून. उत्तर मिळालं, "सोमवारची मुलगी ठरली आहे. ती मागे सरली तर बघू." ओपल तशीच माझ्याकडे आली.

"अ‍ॅग्नेसला विचारशील? एक महिना थांब म्हणावं. तोवर मी दुसरं काहीतरी बघते. या तोंडानं शेतावर नाही जाता येणार मला."

"विचारते," मी म्हणाले.

विचारलं नाही. शुक्रवारभर ती माझ्याकडे बघत होती आणि मी माझ्या दिव्यांकडे. शनिवारी म्हणाले, "अ‍ॅग्नेस ऐकत नाही गं." ती म्हणाली, "असू दे, तू विचारलंस तरी." मग पोरींनी अभ्रे दिले आणि तिनं ते हसून घेतले. लग्न मोडल्याचं माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. चार दिवसांनी पत्ता न सांगता ती खोली सोडून गेली.

फेब्रुवारीत माझ्या बोर्डावर दिवा लागला. औषधाच्या दुकानातला सार्वजनिक फोन.

"नंबर सांगा."

"कॅपिटल, चार पाऽच शून्य नऽऊ."

असं ओढून गिऱ्हाईक कधी बोलत नाही. नंबर मला पाठ होता. नदीकाठच्या धुलाई कारखान्याचा, रोजंदारीवर बाया घेतात त्याचा. आवाज बसलेला होता, पण तिचाच.

"ब्रायडी?" ती म्हणाली. "ब्रायडी, तूच ना गं?"

आम्हा चाळीस जणींचा आवाज एकच. होणाऱ्या नवऱ्याला तिचा ओळखता आला नाही. तिनं माझा दोन शब्दांत ओळखला.

मिस पर्सेल मागे उभी असती तर तसं सांगून सुटले असते. ती हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला होती. शेजारच्या, ओपलच्या खुर्चीवर फक्त अ‍ॅग्नेस होती, आणि ती माझ्याकडे बघत होती.

"धन्यवाद," मी म्हणाले आणि तार लावली.